रात्रीची ऑर्डर दुपारच्या डब्यात ठरते

प्रश्न : मॅडम, मी ३६ वर्षांची. राहते डोंबिवलीला, नोकरी परळला. तीन महिन्यांपूर्वी रक्तातल्या साखरेची एचबीए१सी तपासणी केली, ती ६.१ आली, तेव्हापासून खाणं सुधारलंय. सकाळी दुधातले ओट्स, घरच्यांचा डबा करून माझ्या वेगळ्या डब्यात दोन फुलके आणि दुधी किंवा पडवळ, संध्याकाळी कोरा चहा, रात्री भाज्यांचं सूप. चार किलो वजन उतरलं. पण आठवड्यातून तीन-चारदा रात्री नऊ-साडेनऊला राहवत नाही आणि मी शेजवान राइस नाहीतर बटर पावभाजी मागवते. खाऊन झालं की रडू येतं. दुसऱ्या दिवशी उपास करते. माझा मनावर ताबाच नाही का? येत्या रविवारी लेकीचा वाढदिवस आहे आणि तिला चायनीजच हवंय. तिच्यासमोर मी सूप घेऊन बसू का?

उत्तर : ताई, मनावर ताबा नसलेली बाई पहाटे उठून घरच्यांचा एक आणि स्वतःचा वेगळा असे दोन डबे करत नाही, आणि तीन महिने तर नाहीच नाही. तुमचा ताबा उत्तम आहे. तुम्हाला अन्न कमी पडतंय. बावीस वर्षं दादरला आहारसल्ल्याची प्रॅक्टिस करतेय. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आलेल्या दहांतल्या सात-आठ जणींच्या बाबतीत मला पहिल्यांदा हेच सांगावं लागतं, आणि त्यांना ते पटायला वेळ लागतो.

तुम्ही लिहिलेल्या यादीचा मी हिशेब मांडला. दिवसभरात साधारण ७०० कॅलरी होतात, प्रथिनं जेमतेम वीस-बावीस ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या कोष्टकात, बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण १६६० कॅलरी आणि ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन उतरवायचं म्हणून थोडं कमी खाल्लं तर चालतं. तुम्ही निम्म्याहूनही खाली गेला आहात. त्यात तुमचा डबा एक वाजता होतो असं धरलं आणि दादरहून फास्ट लोकल पकडून घरी पोचायला साडेआठ वाजतात असं धरलं, तर साडेसात तास पोटात फक्त कोरा चहा आहे. त्यातला तासभर गर्दीत उभं राहून.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे त्यांना शोधायचं होतं. ही मुलं स्वतःहून आलेली, ध्येयाने भारलेली. तरी काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरा विषय उरला नाही. ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, स्वप्नं जेवणाची पडायची, आणि प्रयोग संपल्यावर कित्येकांना पोट भरलं तरी थांबता येईना. त्यांना रोज साधारण १६०० कॅलरी मिळत होत्या. तुम्ही ७०० वर आहात, आणि रात्री नऊला शेजवान राइस आठवतो म्हणून स्वतःला दोष देताय.

भुकेचं शरीरातलं काम सरळ आहे. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि मेंदूला कळवतं. हे घ्रेलिन वेळ ओळखतं. साडेनऊला तेलकट, मसालेदार, भरपूर काहीतरी येतं हे हळूहळू त्याच्या अंगवळणी पडतं आणि मग ते त्या वेळेच्या आधीच वर यायला लागतं. झोप कमी झाली की आणखी बिघडतं. २००४ साली बारा तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात फक्त दोन रात्री चार-चार तास झोपवल्यावर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घसरलं. दोन डबे करायला तुम्ही किती वाजता उठता हे लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे.

आता एक काम करा. फोनमधल्या ॲपमध्ये ऑर्डर हिस्टरी उघडा आणि मागच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी एका कागदावर उतरवा. वार, वेळ, पदार्थ. शेजारी आठवेल तसं लिहा की त्या दिवशी दुपारी डबा पूर्ण खाल्ला होता का, पाच वाजता काही पोटात गेलं होतं का, आदल्या रात्री किती झोप झाली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे समोर बसून करायला लावते. अंधेरीला बँकेत असलेला एक मुलगा यायचा, तिशीतला. ‘मला कधीही, कुठेही काहीही खावंसं वाटतं’ ही त्याची तक्रार. कागद भरला तेव्हा एकतीस ऑर्डरींपैकी सत्तावीस रात्री साडेनऊ ते अकराच्या होत्या आणि बहुतेक सगळ्या मंगळवार ते गुरुवार. त्या तीन दिवशी संध्याकाळी त्याची मीटिंग असायची आणि चहाबरोबरचं खाणं बुडायचं. आम्ही त्याच्या रात्रीच्या जेवणाला हातसुद्धा लावला नाही. मीटिंगच्या आधी दोन उकडलेली अंडी आणि एक केळं, एवढंच. दोन महिन्यांनी त्याच्या ऑर्डरी आठवड्याला एकीवर आल्या. तुमच्या कागदावर दुसरंच काही निघेल, पण काहीतरी निघेल.

तर पहिला बदल डब्यात करा. दुधी-पडवळ ठेवा, पण त्याच्यासोबत एक मोठी वाटी उसळ किंवा घट्ट वरण आलंच पाहिजे. मटकी, चवळी, मूग, काळे वाटाणे, काहीही. मांसाहार करत असाल तर अंड्याची भुर्जी, बांगड्याचं सुकं. एक वाटी दही. आणि फुलके दोनच का? अडीच-तीन घ्या, किंवा एक ज्वारीची भाकरी. प्रिडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, आहे म्हणून पोळी-भाताला घाबरून पोट रिकामं ठेवायचं आणि रात्री पूर्ण प्लेट भात खायचा, याने रक्तातली साखर जास्तच बिघडते.

दुसरा बदल, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, संध्याकाळी ऑफिसमधून निघायच्या आधीचा. ट्रेनमध्ये नाही, आधी. महिलांच्या डब्यात हात वर काढायला जागा नसते, तिथे कुणी नीट खात नाही. खुर्चीवर बसून, निवांत पाच मिनिटं. दोन मुठी फुटाणे आणि थोडे भाजलेले शेंगदाणे, किंवा दोन अंडी, किंवा सकाळचीच उसळ छोट्या डबीत कांदा-लिंबू घालून. चहा कोरा कशाला पिता? दूध घालून घ्या, साखर तेवढी नको. हे खाणं जास्तीचं नाही. रात्री जे ५०० कॅलरींनी जास्त जाणार होतं, त्यातलं दोनशे तुम्ही पाच वाजता उचलताय.

तिसरा, सूप. गरम पाणी आणि चार भाज्या, त्याला जेवण म्हणता येत नाही. सूप आवडत असेल तर जेवणाआधी घ्या. रात्री ताट वाढून बसा.

एवढं केलंत की दोन-तीन आठवड्यांत निम्मी ओढ जाईल. उरलेली निम्मी भुकेची नसते. ती चवीची असते, आणि तिच्याशी वेगळं वागावं लागतं.

शेजवान राइस आठवतो तेव्हा नक्की काय आठवतं, याचा विचार करा. भात तर घरीही आहे. आमच्या क्लिनिकच्या गल्लीच्या तोंडाशी चायनीजची गाडी लागते. तिथे मी बऱ्याचदा उभी राहून बघितलंय. कढई इतकी तापलेली की तेल पडताच धूर. चांगलं पळीभर तेल, त्यात मूठभर बारीक चिरलेला लसूण, तो तांबूस व्हायच्या आत कोबी, मग भात. झाकणाला भोक पाडलेल्या तीन बाटल्यांमधून लाल, काळं आणि पांढरं, म्हणजे शेजवान, सोया आणि व्हिनेगर. चिमूटभर पांढरी पावडर. मग कढईला हिसका, जाळ वर येतो आणि करपलेल्या लसणाचा, मिरचीचा वास गल्लीभर. पोट रिकामं असलं तर माझेही पाय तिथे थांबतात. ही चव चीनची नाही, आपलीच आहे. मांचुरियन नेल्सन वाँग यांनी १९७५ साली इथेच, मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात बनवलं असं सांगतात. आलं, लसूण, हिरवी मिरची म्हणजे आपली फोडणीच, तिला सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर लावलेलं. म्हणून ते आपल्या जिभेला इतकं पटकन जवळचं वाटतं.

त्या पांढऱ्या पावडरीला, अजिनोमोटोला, सगळा दोष देऊ नका. तो खोल चव देणाऱ्या ग्लुटामेटचा क्षार आहे आणि ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असतं. माझी खरी हरकत तेलाला आणि मिठाला आहे. एका मोठ्या, १५ मिलिलिटरच्या चमच्यात मावणाऱ्या तेलात साधारण १२० कॅलरी, आणि त्या पळीत तसे तीन-चार चमचे सहज. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. दिवसभराची ती मर्यादा एका प्लेटीत जवळजवळ संपते.

म्हणजे तुमची जीभ मागतेय ते करपलेला लसूण, मिरचीचा झणका, आंबटपणा, आणि तोंडात पाणी आणणारी ती खोल चव. यातलं काहीही अपथ्याचं नाही. अपथ्य झालं ते असं की ‘डाएट’ म्हटल्यावर तुम्ही घरच्या जेवणातून हे सगळं काढून टाकलंत. दुधी उकडून मीठ-मिरपूड घातलीत, बरोबर? मग जीभ रात्री बाहेर शोधणारच. मराठी स्वयंपाकघरात खोल चवीची वाण नाही. भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, सुकट, जवळा, आमसूल, भाजलेल्या मिरचीचा ठेचा, तिळाची, शेंगदाण्याची, लसणाची चटणी. वडापाव हवासा वाटणाऱ्या कितीतरी जणांना मी भाकरी, दही आणि वड्यासोबत मिळते ती लाल सुकी लसूण चटणी देऊन बघितलंय. बऱ्याच जणांना ती चटणीच हवी होती.

शेजवानचं घरी असं करा. दहा-बारा काश्मिरी किंवा ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा आणि वाटा. दोन मोठे चमचे तेलात पंधरा पाकळ्या लसूण आणि बोटभर आलं बारीक चिरून तांबूस परता, त्यात ते वाटण, एक चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा सोया, गुळाचा खडा. तेल सुटेपर्यंत परतलं की झालं. बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. रात्री घरी आल्यावर एक वाटी फ्रिजमधला मोकळा भात, तीन वाट्या कोबी, गाजर, फरसबी, सिमला मिरची, दोन अंडी किंवा पनीरचे तुकडे, आणि ही चटणी. लोखंडी कढई, पूर्ण आच, दोन छोटे चमचे तेल. भाज्या चिरलेल्या असतील तर बारा मिनिटं. आच मात्र कमी करू नका. मंद आचेवर भाज्यांना पाणी सुटतं आणि तो भात शेजवान न होता मसालेभात होतो.

पावभाजीचं तर याहून सोपं. एक बटाटा, बाकी सगळा फ्लॉवर, मटार आणि तुमचा दुधी. दुधी पावभाजीत ओळखूही येत नाही. टोमॅटो भरपूर, मसाला रोजचाच, आणि बटर शेवटी वरून एक छोटा चमचा, कारण आपल्याला वासच हवा असतो आणि तो वरून घातलेल्याचा जास्त येतो. दोन पाव कोरड्या तव्यावर शेकून.

हे रोज जमणार नाही, मला माहीत आहे. साडेआठला घरी आलेल्या बाईला चिरायला सांगणं हा अन्याय आहे. म्हणून सांगते, बाहेरून आणणं हा गुन्हा समजू नका. डोंबिवलीत राहता, तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक तरी पोळी-भाजी केंद्र असेलच. स्टेशनवरून येताना सहा पोळ्या आणि एक उसळ घेऊन या. भाजीवालीकडे मोड आलेली कडधान्यं, स्टेशनबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी मिळते, ती आणल्यावर नीट धुऊन घ्या. डोशाचं पीठ आणि अंडी घरात कायम असू द्या. अंडं फोडून घातलेला डोसा आणि चटणी दहा मिनिटांत होतो. रात्री नऊला तुम्ही दमलेल्या असता, तेव्हा हाताशी जे असेल तेच खाल्लं जातं. आत्ता हाताशी फोन आहे.

फोनचंही थोडं करा. सूचना बंद, साठवलेलं कार्ड काढून टाका, ॲप पहिल्या पानावरून हलवा. ॲप उडवायचं म्हणाल तर मी आग्रह करणार नाही, लोक ते दोन दिवसांत पुन्हा घेतात आणि वर अपराधी वाटून घेतात. त्याऐवजी घरात एकच नियम ठेवा: आधी ताट, मग ऑर्डर. वाटीभर उसळ, कोशिंबीर, एक पोळी खाऊन झाल्यावर वीस मिनिटांनीही हवंच असेल तर खुशाल मागवा. बहुतेक वेळा मागवावंसं वाटत नाही, आणि मागवलंत तरी निम्मं मागवता.

आणि आठवड्यातला एक वार उघडपणे बाहेरच्या खाण्याचा ठरवा. नवऱ्याला, लेकीला विचारून ठरवा, म्हणजे बाकीच्या दिवशी घरात कुणाचं पार्सल येणार नाही. तिघांत दोन डिश. त्या प्लेटीत घरच्या दोन वाट्या वाफवलेल्या भाज्या आणि दोन अंडी परतून मिसळा. चव उरते, तेल-मीठ तिघांत वाटलं जातं. उरलेलं आधी डब्यात घालून फ्रिजमध्ये, मग जेवायला बसायचं. डब्यातून थेट खाऊ नका, ताटात वाढून घ्या. तुमच्या साखरेसाठी एक खास गोष्ट: आधी कोशिंबीर, मग अंडं-चिकन-पनीर, भात शेवटी. या क्रमाने जेवल्यावर साखर कमी चढते. नंतर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं चाला, पाऊस असेल तर पॅसेजमध्ये.

पावसाचं निघालं म्हणून, भजी. जुलैत मुंबईत भजी खाऊ नका असं मी कुणाला सांगत नाही. घरी तळा, चार खा, सोबत चहा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती दुसऱ्या दिवशीच्या उपासाची. तो ताबडतोब बंद करा. रात्री जास्त खाल्लं, सकाळी उपास, दुपारी कमी, रात्री नऊला पुन्हा ऑर्डर. हेच चक्र तुम्हाला आठवड्यातून चारदा ॲपपर्यंत नेतंय. चायनीज खाल्ल्यावर सकाळी काटा किलोभर वर दिसतो, ते बहुतांशी पाणी असतं. मीठ आणि साठवलेली पिष्टमय साखर दोन्ही पाणी धरून ठेवतात. दोन-तीन दिवसांत ते जातं. त्या दिवशी काट्यावर उभ्याच राहू नका. न्याहारी नेहमीसारखी, डबा नेहमीसारखा.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात ओढ वाढते, हे बऱ्याच जणींना जाणवतं. तारीख लिहून ठेवा आणि त्या आठवड्यात पाचचं खाणं थोडं वाढवा. घरात कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल आणि अचानक भूक, थरथर, घाम सुटला तर ती खाण्याची ओढ समजू नये, लगेच साखर तपासावी. आणि एक नाजूक गोष्ट. लपून खाणं, दुखेपर्यंत थांबता न येणं, खाल्लेलं मुद्दाम ओकून काढणं, यातलं काही होत असेल तर ते मला किंवा कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला स्पष्ट सांगा. तो आजार आहे, त्याला उपचार आहेत, आणि डाएटचा कागद त्यावर उपाय नाही. खाल्ल्यावर रडू येतं असं तुम्ही लिहिलंत, म्हणून विचारतेय.

एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब देतं, तेव्हा हे सगळं सुरू करून तीन महिन्यांनी तपासा. त्याआधी रोज घाबरत बसू नका. वजन आता सावकाश उतरेल, महिन्याला दीड-दोन किलो. तेच टिकतं.

रविवारचं. लेकीसोबत बसा आणि तिच्यासारखंच चायनीज खा. दुपारी नीट जेवलेल्या असा, पाचला काहीतरी पोटात असू द्या, म्हणजे पहिल्या घासाला हात आवरता येईल. तिला हवं ते तिच्या आवडीच्या ठिकाणून मागवा, घरचं शेजवान त्या दिवशी पुढे करू नका. मुलींना आईचं ताट नीट दिसत असतं. गरम आहे तोवर वाढा, तिला काय आवडलं ते विचारा, सावकाश खा. सूप त्या दिवशी करूच नका. सोमवारी सकाळी ओट्ससोबत एक अंडं घ्या, आणि डब्यात उसळ घालायला विसरू नका.